वहिनींचा भूगोल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादाला नाही, बायकोला नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या वहिनींना तर नाहीच.

लोक मला कार्यक्रमांना बोलावतात. खेड्यातून अधिकारी झालेला पोरगा, चार शब्द सांगा म्हणतात. मी सांगतो — भूगोल पाठ करू नका, समजून घ्या. पाऊस कुठे किती पडतो हे घोकण्यापेक्षा तो का पडतो ते विचारा. पोरं लिहून घेतात. टाळ्या वाजतात. पण हे मला कुणी शिकवलं? एकाही पोराने कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? खोटंच बोललो असतो. स्वतःला मी एवढं ओळखतो.

मी धावड्याचा. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी जालन्याला दादाकडे राहायला आलो. दादा नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला होता. स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्या. वहिनी भोकरदनच्या, बीएस्सी झालेल्या. लग्नानंतर पुस्तकं सुटली होती. माझी पुस्तकं घरात आली तशा त्या कणीक मळता मळता वाचायला लागल्या. मंग एक दिवस दादाच त्यांना म्हणाला, "तू बी भर फॉर्म. दोघं मिळून करा अभ्यास."

मला क्लास होता, त्यांना नव्हता. मी क्लासमध्ये ऐकून यायचं आणि दुपारी, दादा कामावर असताना, त्यांना सांगायचं — असं ठरलं होतं. झालं उलटंच. मी म्हणायचो, "उन्हाळ्यात जमिनीवर कमी दाब, समुद्रावर जास्त दाब, म्हणून मान्सूनचे वारे." त्या विचारायच्या, "पण असं का?" माझ्याकडे 'का' नसायचं. मग त्या उठून गॅसवर एकीकडे तवा आणि एकीकडे पाण्याचं पातेलं ठेवायच्या, आणि तवा आधी का तापतो तिथून सुरुवात करून हिंदी महासागरापर्यंत जायच्या. नकाशा पुढ्यात उघडा असायचा, पण त्याच्याकडे त्या बघायच्या ते शेवटी, खात्री करून घ्यायला.

एकदा क्लासमध्ये सरांनी हाच प्रश्न विचारला. मी उभा राहिलो आणि तवा-पातेल्यासकट सगळं सांगितलं. सर म्हणाले, "याला म्हणतात कन्सेप्ट क्लिअर असणं." सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मी वहिनींचं नाव घेतलं नाही. ही चोरीच. पण मला सांगायचंय ते हे नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर आज लिहायलाही बसलो नसतो.

क्लासच्या सराव प्रश्नपत्रिका मी घरी आणायचो, दोघं सोडवायचो. भूगोलात त्या कायम माझ्या पुढे. जेवताना दादा हसायचा, "अरे, क्लास तू करून राह्यला का ही?" तो गमतीत म्हणायचा. वहिनीही हसायच्या. मीही हसायचो — आणि पानावरून लवकर उठायचो.

परीक्षा तोंडावर आली होती. त्या दुपारी वहिनींनी दादाचा सायकलचा पंप काढला. खालचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं आणि जोरजोरात हवा मारली. "हात लावा भाऊजी." मी लावला. पंप तापला होता. त्यांचा चेहरा उजळला होता. "हवा दाबली की तापते. मंग सह्याद्री ओलांडून खाली आपल्याकडं उतरणारी हवा बी दाबली जात असंल न्हाई का? वर हवा विरळ, खाली दाब जास्त. तापलेली हवा वाफ धरून ठेवते, सोडत न्हाई. म्हणून आपल्याकडं ढग येऊनबी पाऊस कमी. बराबर हाय का?"

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. त्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर हेच समजावलं होतं, आणि मला ते नीट कळलं नव्हतं. ते मला आत्ता, पंपाला हात लावल्यावर कळलं होतं.

आणि मी म्हणालो, "न्हाई वहिनी. चुकतंय. डोंगरावर हवेतलं पाणी संपतं, म्हणून इकडं कोरडं. बस. उतरताना तापतं-बिपतं काही नसतं. सरांनी मुद्दाम सांगितलंय."

त्यांनी पंपाला पुन्हा हात लावून बघितला. एकदा म्हणाल्या, "पण पंप तर..." वर मी म्हणालो, "तुम्ही स्वतःच्या डोक्यानं काढायला जाता ना, तिथंच फसता. पुस्तकात आहे तेवढं पाठ करा."

का केलं असं? एका घरातून दोघं पास झाले असते तर काय बिघडलं असतं? जागा काय एकच होती? दादाच्या हसण्याने असा कोणता अपमान झाला होता माझा? मी पुष्कळ शोधलं. जे सापडतं ते फार लहान आहे. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या, आणि ते मला सहन झालं नाही. बाकी काही नाही.

पूर्व परीक्षेत पर्जन्यछायेवर प्रश्न आला. खाली उतरणारी हवा तापते की नाही, नेमकं ते विधान. सेंटर आमचं एकच होतं. पेपर सुटल्यावर वहिनी गेटपाशी माझी वाट बघत उभ्या होत्या. खुशीत म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही सांगितल्तं भाऊजी, न्हाईतर मी माझंच काहीतरी टिक केलं असतं."

मी रिक्षा थांबवायला पुढे झालो.

मी पास झालो. त्या थोडक्यात हुकल्या. त्या एका प्रश्नाने हुकल्या असं मी म्हणू शकत नाही, आणि नाही असंही म्हणू शकत नाही. पण खरं नुकसान त्यानंतर झालं. पुढच्या वर्षी त्या माझं ऐकून अभ्यासाला बसल्या. तवा नाही, पंप नाही. डोळे मिटून पुटपुटत नुसतं पाठांतर. 'का' विचारणं बंद. मार्क पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी आले. त्यानंतर त्यांनी फॉर्म भरला नाही. माझी निवड झाली तेव्हा गल्लीत घरोघर पेढे त्यांनी वाटले.

मागच्या महिन्यात दादाकडे जेवायला गेल्तो. वहिनी वाढत होत्या. मी मोठा धीर करून म्हणालो, "वहिनी, अजून वय आहे तुमचं. पुन्हा बसा परीक्षेला." मनात होतं, त्या हो म्हणाल्या की त्या पंपाचं सगळं सांगून टाकू.

त्या मोकळेपणाने हसल्या. "न्हाई हो भाऊजी. आपल्याला भूगोल कळतो असं उगंच वाटायचं मला. तुम्ही होते म्हणून वेळीच समजलं."

दादा समोरच बसला होता. भाजीची वाटी माझ्यापुढे आली. मी म्हणालो, "थोडीच द्या," आणि जेवत राहिलो.