ड्रॅगनची पंगत

२००६ साली न्यूझीलंडमधल्या रोटोटुनात, मुलाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर एका ड्रॅगनला वाढता वाढता मी मेलो.

माझी नात ईशा, वय तेरा, दर रविवारी दुपारी मित्र जमवून एक खेळ खेळायची. प्रत्येकाने कागदावर एक माणूस बनवायचा, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. ईशा गोष्ट सांगणार आणि मारामारीचा निकाल वीस बाजूंचा फासा लावणार. मी मांत्रिक झालो. तयार मंत्र मात्र घेतले नाहीत. चाळीस वर्षं कराडकडची लग्नं रांधलेला आचारी मी. दुसऱ्याने कुटलेला मसाला कधी वापरला नाही, मंत्र वापरतोय?

माझा मंत्र होता पंगत. म्हटला की आजूबाजूचे सगळे मांडी घालून जेवायला बसणार, आणि शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. (आमच्याकडे आमदारसुद्धा उठत नसे.)

"आजोबा, टू पॉवरफुल," ईशा म्हणाली. "बॅलन्स नसेल तर वहीत नाही लिहिणार."

त्या वहीत मुलांनी रचलेले मंत्र होते, रचणाऱ्याच्या नावासकट. मी चौथीत शाळा सोडली. रेशनकार्डाखेरीज माझं नाव कुणी कशात लिहिलं नव्हतं. या वहीत जायचंच, असं मी ठरवलं.

"बॅलन्स म्हणजे काय?"

"तुम्हालाही त्रास व्हायला हवा."

"मग लिही. पंगत उठेपर्यंत मांत्रिक वाढत राहणार. दर वाढपाला त्याची ताकद एकाने कमी. तो थांबला की मंत्र मोडला."

"आणि आपल्या टीमला बसवायचं नाही ना?"

"पंगतीत आपला-परका नसतो."

ईशाने हे इंग्रजीत सांगितलं तसा शेजारचा टॉम म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे एकदम झकास. तो आमचा योद्धा. बिचाऱ्याला काय कल्पना!

"एकदा खेळून बघू," ईशा म्हणाली. "मग वहीचं ठरवू."

पहिल्याच गुहेत ड्रॅगन निघाला. मी मंत्र टाकला. ड्रॅगन बसला. त्याच्या उजवीकडे टॉम बसला, तलवार मांडीखाली. डावीकडे टॉमची बहीण, धनुष्य पाठीला. आमची अख्खी फौज शत्रूच्या पंक्तीला!

माझी ताकद नऊ. मी जिलेबी काढली. तीन वाढपं झाल्यावर ईशाने फासा टाकला. "ड्रॅगन म्हणतोय, पुरे."

मुलांनी श्वास सोडला. मी म्हणालो, "आणखी दोन वाढतो त्याला."

"आजोबा, ही सेड नो थँक यू," टॉम म्हणाला.

"बाळ, पहिलं नको खरं नसतं."

ड्रॅगन पुन्हा नको म्हणाला. मी पुन्हा वाढली. ताकद चार.

"दुसरं नको तरी खरं असतं ना?" ईशाने विचारलं.

"ते लाजेचं असतं."

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "बाबा, सोडा ना त्याला. मुलांना घरी जायचंय."

"माझ्या पंगतीतून आजवर कुणी अर्धपोटी उठलेला नाही."

ड्रॅगनने पानावर आडवा पंजा धरला. मी पंजावर चारदा वाढली. ताकद शून्य. हातात झारा घेऊन माझा मांत्रिक कोसळला आणि मंत्र मोडला. तुडुंब भरलेला ड्रॅगन उठला आणि त्याने समाधानाची ढेकर दिली. ढेकरेबरोबर जाळ आला. टॉम गेला. त्याची बहीण गेली. गुहा गेली.

मग ईशाने वही ओढली आणि दोन ओळी लिहिल्या.

"वाच," मी म्हणालो.

"पंगत. बॅलन्स ओके. कुणीही वापरावा, आजोबा सोडून."

मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. नाव आलं ना वहीत.