आईला उचलताना

दत्तमहाराजांनी माझं ऐकलं की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

परभणीत शेतीच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवण्याची माझी नोकरी. कोणत्या वाफ्यात काय पेरलं, किती उगवलं, हे मांडायचं. त्या सवयीने मी कंबरदुखीचीही वही केली होती. रोज सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहापैकी एक आकडा. चौदा महिन्यांत तो सहाच्या खाली क्वचितच आला. खुर्चीतून उठताना मी टेबलाला धरून उठे आणि दात घासतानाही बेसिनवर एक हात टेकावा लागे.

दुखण्यापेक्षा भीती वेगळीच होती. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईची डावी बाजू लुळी पडली. तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून देवापाशी, अशी दिवसातून पाच-सहा वेळा मी उचलायचो. पत्नी आंघोळ घालते, वेणी घालते, पण तिचं मनगट पूर्वी मोडलेलं, तिच्याने भार उचलत नाही. माझी कंबर गेली की आई पलंगाला खिळणार, आणि देवापुढे बसणं सुटलं की ती फार दिवस काढणार नाही, हे मला दिसत होतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं होतं, "घरी काही जड उचलता का?" मी नाही म्हणालो. आज लिहायलाही लाज वाटते. आईच्या सेवेने कंबर दुखते असं म्हणणं मला पाप वाटलं. त्यांनी व्यायाम दिले, अर्ध्या अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायला सांगितलं. ते मी मोजून केलं. आकडा सातच राहिला.

आणखी एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आईचं सोवळं कडक. आंघोळीनंतर पूजा होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. आजारपणात नाइलाज म्हणून माझे धुतलेले हात तिने चालवून घेतले, पण माझे कपडे तिला लागता कामा नयेत. म्हणून मी दोन हात लांब उभा राहून, कमरेतून वाकून, तिला काखेत धरून वर ओढायचो; पुढे दिवसभर तीच सवय लागली. वरून तसाच कमरेत पिळून खुर्चीकडे वळायचो. दर गुरुवारी दत्तमहाराजांना म्हणायचो, एवढी कंबर धरून ठेवा.

एका गुरुवारी आईने देवळात जायचा हट्ट धरला. सोवळ्याचं नेसून, रिक्षाने आम्ही गेलो. देवळासमोर चाकाची खुर्ची रिक्षाला लावली, नेहमीसारखं लांबून तिला ओढलं आणि अर्ध्यावर कमरेत उसण भरली. आई ना रिक्षात, ना खुर्चीत. मला हलता येईना, सोडताही येईना. "पाडतोस का रे?" आई पुटपुटली.

"सरका साहेब." मागून आवाज आला. साठीचा माणूस, अंगभर पोत्यांची धूळ, खांद्यावर पोती ओढायचा हमालाचा लोखंडी आकडा. बहुधा मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून निघालेला. त्याने गुडघे वाकवले, आईचा धड असलेला उजवा हात आपल्या मानेभोवती घेतला, तिला छातीशी लावलं आणि हळूच श्वास सोडत उठला. मग पाय वळवत, लहान लहान पावलांनी तिला खुर्चीत बसवलं. आईच्या सोवळ्यावर त्याची धूळ लागली. आईने ती झटकली नाही.

"आई हाय ना ही तुमची?" तो मला म्हणाला. "मग जळता इस्तू धरल्यावानी लांबून कामून धरायलाव?"

मी खुर्चीची मूठ धरून उभा राहिलो.

"लांब धरलेलं वझं वैरी असतंय साहेब. छातीला लावलं की आपलं होतंय. गुडघ्यातून वाका. दम कोंडू नका. अन् वळायचं तर पाय वळवा, कंबर न्हाई. चाळीस वर्सं पोती उचलायलोय, कंबर जाग्यावर हाय." मग आईकडे बघून हसला. "माय, तुमी बी जरा गळ्यात हात टाकत जावा की लेकाच्या. लाजायलाव व्हय?"

मी कंबर सावरत चपला काढल्या, वळून पाहिलं तर तो गेलेला. पुढचे चार गुरुवार मी मोंढ्यात चौकशी केली. साठीचे हमाल तीन भेटले, त्यातला तो नव्हता. त्याला मी चमत्कार म्हणत नाही. मोंढा मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झालेल्या आईसमोर उभा राहिलो. म्हणालो, "आई, जवळ धरावं लागेल. कपडे लागतील." तिने उजवा हात कपाळाला लावून देवांना नमस्कार केला. मग म्हणाली, "त्याने धरलं तेव्हा मी कुठं काही बोलले? धर. पाडू नको म्हणजे झालं."

तिचा हात माझ्या गळ्यात आला. कळत्या वयापासून मी आईला कधी असं धरलं नव्हतं. तिचं वजन सत्तेचाळीस किलो, ते मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते इतकं कमी कसं भरलं, कळेना. जवळ धरल्यावर तिचा उजवा पायही जमीन दाबू लागला, निम्मं ती स्वतःच उठली.

मग बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या आणि नंतर रिकाम्या खुर्चीवर मला बसणं, उठणं, वाकणं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. कमरेऐवजी खुब्यातून वाकणं जमायला दोन आठवडे लागले. बादली, गॅसची टाकी, जमिनीवर पडलेलं पेन, सगळं तसंच. चार महिन्यांनी आकडा तीनवर आला. कधी पाचही होतो.

माझ्या नोकरीचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते सांगता येत नाही. इथे तर सगळंच एकदम बदललं. बाईंना खरं सांगितलं, हमालाचं ऐकलं, आईने सोवळं सोडलं. श्रेय कुणाच्या नावावर मांडू? आयुष्यभर जपलेलं आईने एका शब्दात कसं सोडलं, तेही मला उमगत नाही. विचारलं तर म्हणते, "मला काय माहीत?"

एवढंच कळलं की मी देवाला कंबर धरून ठेवायला सांगत होतो आणि आईला लांब धरून, दम कोंडून ती कंबर आवळून धरणारा मीच होतो. आई रोज देवापुढे बसते आहे. आता गुरुवारी काय मागावं ते सुचत नाही. गुडघे सैल सोडतो, दोन्ही पायांवर सारखा भार देतो, हात जोडतो आणि तसाच उभा राहतो.