चिखलातला गोल

गोवा राज्य झालं त्या पावसात आमच्या ह्यांचा पाय खाणीवर मोडला. खाणीचं काम गेलं. राहिलं ते पेपरात मॅचींच्या बातम्या लिहायचं. पण आधी एकदा त्यांच्याकडून स्कोर चुकीचा गेला होता, आणि पणजीच्या पेपरवाल्यांनी बजावलेलं, आणखी एक चूक झाली तर दुसरा माणूस बघू.

त्यात आमच्या पाळी गावात फुटबॉलची फायनल आली, पाळी आणि डिचोली. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पण ह्यांचा पाय प्लास्टरात, जाणार कोण? मीच गेले. ह्यांनी सांगितलं, "आमचे धवे, तांचे हळदुवे. शर्ट पळय, तोंडां न्हय." म्हणजे पांढरे शर्ट आमचे, पिवळे डिचोलीचे.

हाफटाइमपर्यंत ठीक. मग असा पाऊस लागला की खाणीची तांबडी माती सगळ्या मैदानावर झाली, नि बावीसही जण एकाच रंगाचे. स्कोर एक-एक चाललेला. शेवटाला जाळीपुढे ढीग झाला, बॉल आत गेला. आमचे लोक घसा फुटेस्तोवर ओरडले. मला वाटलं, आपलाच. सहाची बस चुकली तर बातमी राहिली, म्हणून शिटी वाजायच्या आधीच धावत सुटले.

ह्यांनी खाटेवरच लिहिलं. "सारकें पळयलें मगो तुवें?"

"व्हय," म्हटलं, नीट बघितल्यासारखं.

पाकीट कंडक्टरकडे द्यायचं, पणजीला पेपरचा शिपाई घ्यायचा. दिलं, नि बघते तर बसमध्ये डिचोलीचे पोरगे चिखलासकट, एकाच्या मांडीवर कप.

"कप तुमकां कसो?"

"जिखल्यार कप मेळटा, वयनी."

"मग आमचे बोब कित्याक मारताले?"

"हँडबॉल जालो म्हणून. रेफ्रीन आयकलें ना."

म्हणजे गोल त्यांचाच, आमचे रागानं ओरडत होते. पाकीट परत मागितलं.

"वयनी, देंव बेगीन, गाडी सुटता," कंडक्टर मला उतरवू लागला.

"सुटूं दी. हांव येतां."

त्याचंच पेन घेतलं. गोल कोणी मारला, कोणी दिला, सगळं विचारून खोडून लिहिलं. अक्षरं बसबरोबर नाचत होती. त्यांचा कॅप्टन लिहायला सांगतो, "बरय, आमचो गोलकीपर वागासारको खेळलो."

"तूं स्कोर सांग. वाग उपरांत."

सगळी बस हसली. डिचोलीला पाकीट कंडक्टरच्या हातात दिलं नि परतीची गाडी धरली. घरी खरं सांगितलं तर हे भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत.

सकाळी पेपर आला. मी दारातच उभी राहून एकेक अक्षर लावत वाचलं. डिचोली दोन, पाळी एक. मारणाऱ्याचं नावही बरोबर.

ह्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "फुडल्या आयतारा जाळयेफाटल्यान उबी राव."

राहिले जाळीमागे उभी. ह्यांचा पाय जुळेपर्यंत सगळ्या मॅची मीच बघितल्या.