विहिरीतले लाईट

खटकचिंचोळीच्या बौद्ध वस्तीतला फोटोग्राफर रत्नपाल महिनाभर पाण्याचाच विचार करत होता. गावातल्या शिवराजला लग्नाआधीचे फोटो स्वतःच्या विहिरीत, पाण्याखाली काढून हवे होते. लाईट समोरून मारला की पाण्यातला गाळ चमकतो, माणसं अंगभर देवीचे फोड आल्यासारखी दिसतात. म्हणून रत्नपालनं लांब दांड्यांचे, कडेनं उजेड टाकणारे लाईट निवडले. कॅमेरा घेतला तो अगदी जवळून टिपणारा, कारण गढूळ पाण्यात लांबचं काही दिसत नाही.

फोटोच्या दिवशी कपडे काढून तो विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागला, तेवढ्यात शिवराजचे वडील हरिबा आडवे आले.

"तू कामून उतरायलास? हितलं पाणी देवाला जातंय. कॅमेरा रामकडं दे अन् वरून सांग."

सारी भावकी त्याच विहिरीत डुंबायची. शिवराजनं रत्नपालच्या हातातला कॅमेरा काढून घेतला.

त्याचा भाऊ राम पाण्यात शिरला आणि त्यानं लाईट थेट समोर धरले. "कडेनं धर, कडेनं!" रत्नपाल काठावरून ओरडत होता. पाण्याखाली कुणाला काय डोंबल ऐकू येणार?

फोटो बघून शिवराजनं तोंड वाकडं केलं.

"सगळा गाळच दिसायलाय की! लाईट हलके घेतलास व्हय, अण्णा?"