पोट उघडायचं की नाही

आईला ऐंशीव्या वर्षी जठराचा कॅन्सर निघाला, तोही अगदी सुरुवातीचा. नगरचे डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीतून आतला थर सोलून काढता येईल. कॅन्सर खोल गेलेला निघाला, तर मात्र ऑपरेशन लागेल. नाहीतर आत्ताच ऑपरेशन करून बरंचसं जठर काढू. पण या वयात ते झेपायला हवं."

बेलापूरहून आलेला माझा थोरला भाऊ लगेच म्हणाला, "पोट उघडा अन् एकदाच साफ करा. टाके न घालता कॅन्सर जातो व्हय?"

"दादा, पोट तुझं नाही." आईचं हृदय कमजोर आहे, भूल सोसणार नाही, हे मी त्याला तिसऱ्यांदा सांगितलं.

तेवढ्यात आईनेच डॉक्टरांना विचारलं, "जठर काडल्यावर उपास जमतील का?"

"नाही आजी. दर दोन तासांनी थोडं खावं लागेल."

"मंग दुर्बीनच बरी. माजी चतुर्थी मोडायची न्हाई."

मी कपाळाला हात लावला. पण मला हवा तोच निर्णय झाला होता, म्हणून वाद न घालता संमतीचा कागद तिच्यापुढे धरला. दादा पुन्हा तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुला एक येळ उपाशी ऱ्हावत न्हाई."

दुर्बिणीतून थर काढला, कॅन्सर खोल गेलेला नव्हता. ऑपरेशन टळलं, पण सहा महिन्यांनी तपासणी होती. त्या दिवशी आई म्हणाली, "मी बरी हाय की. कशाला जायाचं?"

मी गाडी काढली.