बराबर

झिरकपूरहून सेक्टर ६७ मधल्या आमच्या संस्थेत मी रोज ज्याच्या ऑटोनं जायचो, त्याचं नाव कधी विचारलं नाही. खोकला आला की तो ऑटो कडेला घ्यायचा, खाली उतरून, तोंडावर गमछा दाबून पाठमोरा खोकायचा. परत बसताना न चुकता म्हणायचा, "माफ करना जी."

त्याला टीबी होता. बायकोलाही. सरकारी केंद्रात औषधांचा तुटवडा, म्हणून दोघांत मिळून एकाच्याच गोळ्या मिळायच्या.

"एक दिन वो खाती है, एक दिन मैं. एकदम बराबर," त्यानं मला अभिमानानं सांगितलं.

मी भडकलो. गोळ्यांना न जुमानणाऱ्या टीबीवरच माझं संशोधन चालतं. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, असं मी त्याला वर्गात शिकवावं तसं ऐकवलं.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "तो आप ही बता दो जी, किसकी बंद करूँ?"

तेवढ्यात आमच्या संस्थेचं फाटक आलं. मी उतरलो.

दुसऱ्या दिवसापासून मी कॅबनं जातो. कोणी विचारलंच तर सांगतो, संसर्गाची भीती वाटते.