शकुबाईंचे उंबऱ्यातले फोटो

शकुबाई आहेर माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या त्या २००३ च्या डिसेंबरात. नाशिकला कोर्टाजवळच्या गल्लीत माझं ऑफिस, जेमतेम तीन खुर्च्यांचं. बाई पंचेचाळिशीच्या, खांद्याला कॅमेऱ्याची चामडी पिशवी. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं,

"वकीलबाई, फोटो काढायची रीत कुणी चोरली, तर कायद्यात काय हाय?"

नऊ वर्षांच्या वकिलीत मी बांधाची भांडणं पाहिली होती, वाटण्या पाहिल्या होत्या. हा प्रश्न नवा होता. मी म्हटलं, "आधी सगळं सांगा."

देवळ्याला त्यांच्या नवऱ्याचा, निवृत्तींचा, फोटो स्टुडिओ होता. १९९१ साली ते काविळीनं गेले. फिल्म धुणं, प्रिंट काढणं शकुबाईच करायच्या, पण कॅमेरा कधी हातात घेतलेला नव्हता. दीर म्हणाले, दुकान भाड्यानं देऊन टाकू. तेरावं झाल्यावर त्यांनी स्वतः शटर वर केलं आणि पहिला रोल शेजारच्या कोंबड्यांचे फोटो काढण्यात संपवला.

पुढे तीनेक वर्षांनी मतदार ओळखपत्रांसाठी गावोगाव फोटो निघू लागले. परक्या पुरुषासमोर बसायला बायका तयार होईनात. बसल्या तर पदर नाकापर्यंत. म्हणून ते काम घेतलेल्या माणसानं शकुबाईंना सोबत नेलं. ओळखपत्राचा फोटो झाला की बायका त्यांना बाजूला घेऊन म्हणायच्या, "एक मोठा काढ ना माझा. एकटीचा." लग्नातला सोडला तर बहुतेकींचा फोटोच नव्हता, आणि एकटीचा तर कुणाचाच नव्हता.

शकुबाईंकडे ना दिवे, ना पडदा. त्यांनी बाईला तिच्याच घराच्या उंबऱ्यात बसवलं. पाठीमागे घरातला अंधार, समोरून अंगणातला उजेड. स्वतः खाली मातीत बसल्या आणि निवृत्तींचा वरून डोकावायचा जुना कॅमेरा मांडीवर धरला. त्यामुळे फोटोतली बाई किंचित खाली बघते, दारात आलेल्या माणसाकडे घरची मालकीण बघते तशी. नऊ वर्षांत असे पाचशेच्या वर फोटो त्यांनी काढले. देवळ्याच्या आसपास ज्या घरात जाल, तिथे भिंतीवर एक तरी सापडायचाच.

आणि आता किशोर वडनेरे नावाच्या नाशिकच्या एका फोटोग्राफरनं प्रदर्शन भरवलं होतं. बावीस फोटो, सगळ्या बायका उंबऱ्यात बसलेल्या. पेपरात 'नवी दृष्टी' म्हणून कौतुक छापून आलं होतं. ते वाचून शकुबाई एसटीनं आल्या, प्रदर्शन पाहिलं आणि तिथून थेट माझ्याकडे.

मी दोन दिवस मागितले, पुस्तकं चाळली, आणि त्या परत आल्यावर खरं ते सांगितलं. "शकुबाई, कल्पनेवर कुणाची मालकी नसते. उंबऱ्यात बसवायचं, खालून फोटो घ्यायचा, ही रीत झाली. ती कुणीही वापरू शकतो. कायदा राखतो तो प्रत्यक्ष काढलेला फोटो."

त्या म्हणाल्या, "बरोबर हाय. उंबरा काय मी घडवला नाय." पिशवीतून त्यांनी प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका काढली. "पण मग हा? हा तर मीच काढलेला हाय. चिमणाबाईचा. त्यानं तिच्या भिंतीवरच्या फ्रेमवरून उतरवलाय. काचेची चमक दिसती बघा कोपऱ्यात."

मी खुर्चीत सरसावून बसले. बावीसपैकी एकवीस त्यानं स्वतः काढलेले. त्यांना हात लावता येत नव्हता. पण हा बाविसावा म्हणजे सरळ नक्कल होती. आता एकच अडचण होती.

"हा फोटो तुम्ही आपणहून काढला होता, की चिमणाबाईंनी सांगून, पैसे देऊन काढून घेतला होता?"

"काय फरक पडतो?"

"तिनं पैसे देऊन काढून घेतला असेल, आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्क तिचा. आपणहून काढला असेल तर तुमचा. लेखी तर काहीच नाही. तुम्ही सांगाल ते."

माझ्या बोलण्यातली सोय त्यांना कळली. क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, "पैसे तिनं दिले. कोथिंबीर विकून दिले. फोटो तिचाच." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला नवल वाटलं. "म्हणजे ह्या सगळ्या बायकांचे फोटो कायद्यानं त्यांचेच? लय चांगलं हाय की!"

त्या आठवड्यात त्या चिमणाबाईंना घेऊन आल्या. सत्तरीच्या चिमणाबाईंनी निमंत्रणपत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि अहिराणीत निकाल देऊन टाकला, "हाऊ फोटो मना शे. शकुनी काढेल शे." नोटिशीत मी याहून जास्त काही लिहिलं नाही: हक्क चिमणाबाईंचा, आणि काढणारी म्हणून नाव शकुबाईंचं. नाव मागायचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. चिमणाबाईंनी अंगठा दिला, शकुबाईंनी सही केली.

किशोर वडनेरे वकील न पाठवता स्वतः आला. तिशीचा, हुशार, घाबरलेला. "चूक झाली," तो म्हणाला. "मला तसा एकही जमेना, म्हणून तो घेतला."

शकुबाईंनी त्याच्या हातातला अल्बम घेतला आणि पानं उलटत गेल्या. "ह्या तिघी एकाच दारात बसल्यात. कडी तीच हाय."

"ते दार फोटोला चांगलं होतं."

"पण त्यांचं नव्हतं ना. परक्याच्या उंबऱ्यात बाई अवघडूनच बसणार." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "रीत घे तू, मला काय त्याचं. पण ज्याचं त्याचं दार ठेव."

तो फोटो प्रदर्शनातून उतरला. किशोरनं पेपरात जाहीर माफी छापली आणि चिमणाबाईंना भरपाई दिली. पुढच्या उन्हाळ्यात तो कळवण, सुरगाण्याकडे फिरला. ते फोटो मी पाहिलेत, चांगले आहेत.

२००७ साली देवळ्याच्या शाळेनं शकुबाईंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. निगेटिव्ह सगळ्या त्यांच्याकडे होत्या, मोठ्या प्रिंट सहज निघाल्या असत्या. पण त्या अडून बसल्या: जिचा फोटो, तिला विचारल्याशिवाय लावायचा नाही. दोन महिने त्या गावोगाव विचारत फिरल्या. निरोप असा पसरला की बायकांनी प्रिंटची वाटच पाहिली नाही. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी त्या भिंतीवरच्या फ्रेमा काढून, लुगड्यात गुंडाळून, जीपनं, बैलगाडीनं शाळेत घेऊन आल्या. काही फ्रेमांना हळदीकुंकू लागलेलं होतं, दोन-तीन फ्रेमांना हारही होते. ज्या बायका राहिल्या नव्हत्या, त्यांचे फोटो सुना घेऊन आल्या.

मी नाशिकहून गेले होते. वर्गात भिंतीला फोटो आणि खाली बाकावर ती ती बाई, असं ते प्रदर्शन होतं. शकुबाई कुठे दिसेनात. शोधलं तर मागच्या व्हरांड्यात होत्या, जमिनीवर मांडी घालून. समोर शाळेच्या पायरीवर शिपाईणबाई कुसाबाई बसल्या होत्या. त्यांचा फोटो काढायचा राहून गेला होता.

"इथं नको," कुसाबाई म्हणत होत्या. "घरी चल माझ्या."

"चल," म्हणून शकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि आपलं प्रदर्शन तसंच सोडून त्यांच्यामागे निघाल्या.